माव्याचं बारसं

फार पूर्वी किडे अडाणी होते, तोवर रानाचं बरं चाललं होतं. मग लाल पाठीचा एक ढालकिडा शिकला.

त्याच सुमारास ज्वारीच्या एका ताटावर मावा पडला आणि पानांखाली बसून रस शोषू लागला. ताटानं हाक मारली, "भाऊसाहेब, धावा! तुमचं आवडतं खाणं आलंय."

ढालकिडा आला. नसलेला चष्मा सावरत म्हणाला, "ओळख पटल्याशिवाय मी तोंड लावत नाही. हा मक्याचा मावा की उसाचा?"

"अहो, बसलाय ज्वारीवर, पितोय मला! खा की!"

"अडाणीच आहेस. अंग निळसर हिरवं की पिवळं, शेपटीजवळच्या नळ्या आखूड की लांब, हे बघायला नको?"

वाढलेल्या ताटावर बसून साहेब उपाशीपोटी नळ्या तपासत राहिले. मावा दिवसागणिक वाढला. पानं आधी चिकट झाली, मग पिवळी पडली.

बाराव्या दिवशी साहेब आनंदानं ओरडले, "उसाचाच!" तोवर माव्याला पंख फुटून तो शेजारच्या शेतात गेला होता.

वाळलेलं ताट कसंबसं म्हणालं, "बारसं झकास झालं हो, भाऊसाहेब! आता त्याच पंगतीत माझं बारावंही उरकून घ्या."