भरतीचा तक्ता आणि प्रांतसाहेब

खारवाडीच्या स्मशानात आता चिता पेटत नाहीत, खेकडे फिरतात. दोन वर्षांपूर्वी समुद्राने ते गिळलं आणि मग त्याची नजर घरांवर गेली. पहिलंच घर धर्मा तांडेलचं. गावाला टेकडीवर जागा हवी होती, अर्जावर फक्त प्रांतसाहेबांची सही बाकी होती.

साहेब आले, किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसले आणि अर्जाला जोडलेला शास्त्रज्ञांचा नकाशा त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारला. "दहा वर्षांत गाव पाण्यात, म्हणे! अहो तांडेल, हे संगणकाचं गणित. अंदाजावर सरकार हलत नसतं."

"खरंय साहेब. बसा निवांत, तिसऱ्या शिंपल्यांचं कालवण होतंय," म्हातारा धर्मा गोड हसला.

इतक्यात पाण्याकडच्या ओसाड देवळात घंटा वाजली. साहेब दचकले. "आत कोण आहे?"

"कुणी नाही. पाणी चढलं की घंटेची दोरी हलते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि गाडीकडे धूम ठोकली. "साडेबाराला रस्ता बुडतो!"

अर्ज घेऊन धर्मा गाडीच्या दाराशी आडवा. "कुणी सांगितलं?"

"भरतीचा तक्ता आहे माझ्याकडे!"

"समुद्राने लिहून दिला?"

"अहो, गणित असतं ते! वर्षभर आधीच मांडतात."

"अस्सं! म्हणजे साहेबांच्या गाडीला गणित चालतं, आमच्या लेकराबाळांना तेवढं चालत नाही."

साहेबांनी बॉनेटवर कागद ठेवून सही केली. पाणी एव्हाना त्यांच्या घोट्यांशी आलं होतं. हसत होता तो एकटा धर्मा.