दौलतरावांचं शेंदरी हार्वेस्टर

हार्वेस्टरचं तोंड काही केल्या वर जाईना! गेनू ड्रायव्हर लीव्हर ओढून ओढून थकला. पुढचं कापणीचं तोंड जेमतेम गुडघ्याएवढं उचललं जाई, थरथरे आणि पुन्हा भुईवर बसे. पंप तर शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा किंचाळत होता. तोंड वर झाल्याशिवाय मशीन बांध ओलांडणार कसं? पलीकडे गहू उभा होता आणि पश्चिमेला गारांचे ढग जमत होते.

मशीनचे मालक दौलतराव बांधावर खुर्ची टाकून बसले होते.

"गेन्या, गाढवा! मशीन ठणठणीत आहे. खोट तुझ्या हातात आहे!"

"अगदी खरं, मालक!" मुकादम म्हणाला. मुकादमाला पगार मान हलवण्याचाच होता.

"मालक, मेकॅनिकला बोलवू का?" गेनूनं भीत भीत विचारलं.

"मेकॅनिक? म्हणजे गावभर बोंब, की दौलतरावांचं मशीन बिघडलं! अरे, हे जुनं घेतलं, पण माझ्याकडे आल्यापासून याला पाना लागलेला नाही. आता नीट ऐक. पाना लावायचा नाही, नवा पार्ट आणायचा नाही आणि तेलाच्या टाकीवरचा माझ्या हातचा शेंदूर पुसायचा नाही. दिवस मावळायच्या आत तोंड वर गेलं पाहिजे. नाही गेलं, तर मी राहायला दिलेली खोली रिकामी कर आणि बायकोला घेऊन चालता हो!"

त्या शेंदराचं असं होतं. दर खंडेनवमीला दौलतराव मशीनची पूजा करत. हायड्रॉलिक तेलाच्या टाकीचं झाकण म्हणजे मशीनचं कपाळ, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. तेलात कालवलेल्या शेंदराचा थर वर्षागणिक चढत गेला. झाकण कुठं संपतं आणि शेंदूर कुठं सुरू होतो, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात गेनूची बायको सगुणा भाकरी घेऊन आली. तिचा स्वतःचा सोमवारचा उपास होता. मालकांच्या अटी तिनं बांधापलीकडूनच ऐकल्या होत्या; नवऱ्याचं उतरलेलं तोंड बघून तिनं टोपलं खाली ठेवलं.

"अहो, हे कधीपासून?"

"खंडेनवमीपासून कुरकुर आहेच. मध्ये एकदा तेल बघायला झाकण हातानं फिरवलं, तर फुस्स करून हवा आत शिरली आणि लीव्हर ओढताच तोंड कसं झपकन वर गेलं! मला वाटलं, झालं बरं. पण मालकांनी शेंदूर मोडलेला बघितला. मला शिव्या घातल्या आणि स्वतः पुन्हा लिंपला. दुसऱ्या दिवशी परत हेच!"

सगुणाला एकदम आपलं स्वयंपाकघर आठवलं. तेलाचा नवा डबा फोडताना ती एका कोपऱ्याला भोक पाडी, तसंच समोरच्या कोपऱ्यालाही पाडी. नाहीतर तेल कसं अडत अडत येतं! तिनं पदर खोचला आणि थेट मालकांपुढे जाऊन उभी राहिली.

"मालक, तुमच्या तिन्ही अटी मंजूर. फक्त ते बांधावरचं गव्हाचं पोतं तेवढं उचलून दाखवता का?"

"पोतं? अगं, तालमीत कमावलेलं अंग आहे हे!"

"म्हणून तर तुम्हाला म्हटलं. पण नाक दाबायचं आणि तोंड मिटायचं. नाक मुकादम दाबतील."

मुकादमानं दोन बोटांत मालकांचं नाक धरलं. दौलतरावांनी पोत्याला मिठी मारली. चेहरा तांबडा झाला, डोळे बाहेर आले. पोतं गुडघ्यापर्यंत आलं, थरथरलं आणि धप्पकन भुईवर बसलं!

"सोड नाक, मेल्या!" दौलतराव धापा टाकत ओरडले. "श्वास नको का घ्यायला?"

"तुम्हाला श्वास हवा, मग मशीननं काय पाप केलंय?" सगुणा म्हणाली. "तेल तोंड उचलायला निघालं, की त्याच्या जागी टाकीत हवा शिरायला नको? त्या झाकणाला बारीक भोक असणारच. तुम्ही दर वर्षी त्याच्या नाकात शेंदूर भरता आणि वर म्हणता, उचल!"

"देवाचा शेंदूर आहे तो!"

"मीही उपासवार करते, मालक. वेशीतल्या मारुतीला आपण शनिवारी शेंदूर लावतो, पण पुजारीबाबा त्याचे नाकडोळे मोकळे ठेवतात. देवाला गुदमरवायचं पुण्य अजून कुणी घेतलेलं नाही!"

"पण अट? शेंदूर पुसायचा नाही, म्हणून बजावलंय मी!"

"आम्ही कुठं हात लावतोय? अट आम्हाला होती, तुम्हाला नव्हती. ज्यानं लिंपला त्यानंच काढावा." सगुणानं अंबाड्यातला आकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला.

दौलतराव गुरगुरत शिडी चढले. खरवडता खरवडता खालून खरोखरच एक भोक दिसू लागलं. त्यांनी आकड्याचं टोक आत सरकवलं मात्र, फुस्स! गेनूनं लीव्हर ओढला. पंपाचं किंचाळणं थांबलं आणि हार्वेस्टरचं तोंड डौलात वर गेलं!

दौलतरावांनी त्या भोकावर बोट ठेवून बघितलं. मग असे हसत सुटले, की शिडीला धरावं लागलं.

"सगुणे, जिंकलीस! माग, काय हवं ते माग!"

"यांना शिव्या जेवढ्या मोठ्यानं दिल्या, तेवढ्याच मोठ्यानं परत घ्या."

शेतातली माणसं हातातली कामं टाकून बघू लागली. दौलतरावांनी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "गेनू, गाढव तू नाहीस रे! गाढव मी!"

"अगदी खरं, मालक!" मुकादम सवयीनं बोलून गेला आणि पांढराफटक पडला.

आता तर दौलतरावांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. "गेनू, खोली आजपासून तुझीच! कुणी रिकामी कर म्हणालं, तर मला सांग. आता घे मशीन बांधापलीकडे, गारांच्या आधी गहू घरात पाहिजे! आणि मुकादम, हे पोतं सगुणेचं. तिच्या दारात नेऊन टाक... आणि बैलगाडी नको, डोक्यावरून ने!"