टेकाडावर नेलेला खांब

खूप खूप वर्षांपूर्वी, उत्तरेकडच्या थंड समुद्राकाठी, डेन लोकांच्या मुलखात एक गाव होते. समुद्रातून नदीत शिरणारी जहाजे जिथे पहिल्यांदा थांबत, तिथे ते वसले होते. आधी तिथे नुसता नदीचा उतार होता. मग नाव आली, नावेमागून मासळीचा बाजार आला आणि बाजारामागून घरे आली.

त्या गावात एक नावाडीण राहत होती. ज्या दिवशी बातमी आली तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. नाव काठावर उपडी घालून ती फटींत डांबर भरत होती. तिची धाकटी बहीण शेजारी बसून वाळवायची मासळी चिरत होती.

"ताई, नावेपेक्षा जास्त डांबर तुझ्या नाकाला लागलंय."

"लागू दे. नाकातून तरी पाणी शिरणार नाही."

एवढ्यात राजाचा स्वार दौडत आला. राजाने गावाला दर आठवड्याच्या बाजाराचा हक्क दिला होता आणि बिशपची गादीही इथेच येणार होती. आता गावामागच्या टेकाडावर थोरले चर्च उभे राहणार! लोक नाचू लागले. नावाडीणही हसली. गाव मोठे व्हावे असे तिलाही वाटत होते.

या गावाची एक रीत होती. बाजाराला येणाऱ्याने एक दगड आणायचा, तो समुद्राकडच्या बांधावर रचायचा आणि मगच दुकान मांडायचे. बांधापाशी ओकच्या लाकडाचा एक खांब रोवलेला होता. पुराचे पाणी जिथवर चढे, तिथे त्याच्यावर खाच पाडत. सर्वांत वरच्या खाचेपेक्षा बांध हातभर उंच असलाच पाहिजे, असा जुन्या माणसांचा दंडक होता. ती सर्वांत वरची खाच नावाडिणीने स्वतः पाडली होती. त्या पुरात तिचा नवरा गेला होता.

चर्चच्या भिंती वर येऊ लागल्या. बिशप म्हणाले, "एक दगड बांधाला, एक देवाला." पुढच्या वर्षी म्हणाले, "दोन्ही देवाला." व्यापाऱ्यांना ते सोयीचेच वाटले. चिखलात उतरायला कोणाला आवडते?

मग एके दिवशी नगरशेठ म्हणाले, "हा खांब म्हणजे गावाचा मान. तो असा शेवाळात का उभा? चर्चच्या अंगणात नेऊ. परदेशचे व्यापारी बघतील तरी."

नावाडीण पुढे झाली. "शेठ, खांब खालीच राहू द्या. पाणी खाली येतं."

"अगं बाई, खांबाला मान मिळतोय, तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

"खांब वर नेला तर खाचाही वर जातील."

"जाऊ देत की! सगळं गाव वर चढतंय, खाचांनी काय पाप केलंय?"

लोक खो खो हसले. ढोल वाजवत खांब टेकाडावर नेला आणि त्याच्या माथ्याला सोन्याचा मुलामा दिला.

त्या शरदात समुद्र खवळला. पाणी नव्या दगडांवाचून खचलेल्या बांधाच्या माथ्याला टेकून परत गेले. लोक रीतीप्रमाणे खांब बघायला टेकाडावर धावले. खांबाचे बूडसुद्धा कोरडे होते.

"बघा!" नगरशेठ ओरडले. "समुद्र मागे हटला. चर्चचा प्रताप आहे हा!"

कोणीतरी सर्वांत वरच्या खाचेकडे बोट दाखवले. ती आता चर्चच्या खिडकीच्या उंचीवर होती. "एवढं पाणी कधी चढेल का? दुःखात बाईचा हात चुकला असणार."

नावाडिणीने आवाज चढवला नाही. "हात चुकला नाही. मी नावेत उभी राहून खाच पाडली. आमच्या ह्यांची टोपी तिथेच खांबाला अडकली होती."

तिच्याकडे कोणी पाहिले नाही. बिशप चर्चच्या अर्धवट बुरुजाकडे बघत राहिले. बुरुजाला दगड कमी पडत होते. समुद्र मागे हटलाच होता, तेव्हा बांधाचेही दगड उपसून वर नेले गेले.

नावाडीण बहिणीला म्हणाली, "ही बांधालगतची खालची आळी सोड. माझ्या नावेत राहा हवं तर."

"आणि मासळी कुठे वाळवू? तुझ्या नाकावर?" बहीण हसली, मग मासळीची टोपली उचलत म्हणाली, "टेकाडावर आता आपल्याला कोण जागा देतंय, ताई?"

तेव्हापासून नावाडीण रोज एक दगड आणून बांधावर ठेवू लागली. ती एकटी होती. दगड उपसणारे चाळीस होते.

दोन वर्षांनी, भर दुपारी, भर बाजारात समुद्र आला. जिथले दगड उपसले होते, नेमका तिथेच बांध फुटला. टेकाडावर घंटा वाजत राहिल्या. खालची आळी पाण्याखाली गेली. नावाडिणीने अंधार पडेपर्यंत वल्हे मारले. तिने एकोणीस माणसे वर आणली. त्यांत बहीण नव्हती.

पाणी ओसरल्यावर सुतार छिन्नी घेऊन चर्चच्या अंगणात गेला. पाणी टेकाडाच्या निम्म्यापर्यंतच चढले होते. त्याने विचारले, "खाच कुठे पाडू?"

नगरशेठ म्हणाले, "पाणी खांबाला लागलंच नाही. मग खाच कसली?"

असे म्हणून त्यांनी त्या वर्षीचा पूर पुसून टाकला. खांबाच्या लेखी पूर आलाच नव्हता.

नावाडीण ओल्या कपड्यांनिशी तिथे उभी होती. ती म्हणाली, "शेठ, मग तुमच्या खांबालाच विचारा, माझी बहीण कुठे गेली."

 बिशप म्हणाले, "बुरुज पुरा होऊ दे. मग खांब खाली नेऊ."

बुरुज पुरा झाला. तो दहा कोसांवरून दिसतो. गावाचे शहर झाले, बाजार सात देशांत गाजला. परदेशचे व्यापारी सोनेरी खांबाला हात लावून विचारतात, "एवढं पाणी खरंच चढलं होतं?" आणि यजमान हसून सांगतात, "छे हो, जुन्या बायकांच्या गोष्टी."

बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, एवढे ध्यानात ठेवा: माप उंचावर नेल्याने संकट ठेंगणे होत नाही, त्याखाली बुडालेली माणसे तेवढी दिसेनाशी होतात.

खांब अजून खाली आणलेला नाही.