मोहाच्या ढोलीतला आवाज

डोंगराच्या उतारावर एक दाट जंगल होतं, आणि त्या जंगलातल्या जुन्या मोहाच्या ढोलीत दोन साळुंक्या बहिणी राहत असत. थोरली होती नकलाकार. आता नकलाकार तरी कशी? तिने गव्याच्या गाईसारखं हंबरावं आणि गव्याचं वासरू आईला शोधत झाडाखाली येऊन उभं राहावं, अशी! धाकटी मात्र अबोल. चार पाखरांत बोलायची वेळ आली की तिची चोच मिटलीच म्हणून समजा. ताईचा खेळ असला की ती मागच्या एखाद्या फांदीवर बसे आणि सगळे हसले की मग आपणही हळूच हसे.

थोरलीला आवाज काढायला कुणी शिकवलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलांनो, तुम्हांला म्हणून आधीच सांगतो. धाकटीला पंखही फुटले नव्हते तेव्हा शिकरा नावाच्या एका शिकारी पक्ष्याने त्यांच्या आईला उचलून नेलं. दिवस मावळला की धाकटी रडू लागे. रडणं ऐकून शिकरा पुन्हा आला तर? थोरली तेव्हा स्वतःच जेमतेम उडायला शिकलेली. तिला दुसरं काही सुचेना. एका सांजेला ती ढोलीबाहेर, खोडाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसली आणि आईच्या आवाजात म्हणाली, "निजलीस का गं, चिमणे? नीज हो, मी इथेच आहे." धाकटी गप्प झाली आणि निजली. मग रोज सांजेला हे असंच चालू झालं. थोरली तिथे पलीकडे बसून आधी स्वतःचं रडू गिळी आणि मग आई होई.

धाकटीला पंख फुटले, ती उडू लागली, तसा तो आवाज थांबला. तिनेही कधी चौकशी केली नाही. फक्त एकदा, पंख साफ करता करता ती म्हणाली होती, "आई आपल्याला दिसत नसे, पण सांजेला यायची. होय ना गं ताई?" थोरलीच्या अगदी चोचीपर्यंत खरं आलं होतं, पण धाकटीचं तोंड इतकं आनंदलेलं होतं, की तिने नुसतं "हो" म्हटलं. पुढे कधीतरी सांगू, असा विचार केला आणि ते राहूनच गेलं.

इकडे थोरलीचं नाव जंगलभर झालं. त्याचं असं झालं, की एका उन्हाळ्यात पाणवठा आटत आला आणि पाण्याच्या पाळीवरून जनावरं एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागली. तेव्हा वरच्या फांदीवरून थोरलीने डबक्यात स्वतःचं रूप न्याहाळणाऱ्या मोराची नक्कल केली. "पाणी नंतर प्या रे, आधी मला बघू द्या!" झालं! भांडायला उभी राहिलेली रानडुकरं हसून हसून चिखलात लोळली. मोरसुद्धा हसला, कारण त्याला वाटलं, की ही नक्कल दुसऱ्याच मोराची आहे.

तेव्हापासून दर पौर्णिमेला चंद्र वर येता येता कातळावर थोरलीचा खेळ रंगू लागला. खारी दुपारपासूनच फांद्यांवर पानं ठेवून आपापल्या जागा अडवत. लांबच्या रानातून सांबरं येत. खेळ संपला की सगळे तिला गराडा घालत आणि एकच विचारत, "अगं, हे सगळं शिकलीस तरी कुठे?" थोरली दर वेळी काहीतरी थट्टेचं उत्तर देई. कधी म्हणे, "वाऱ्याकडे शिकवणी लावली होती." कधी म्हणे, "अंड्यातच कंटाळा आला होता हो!" पण घरी येताना तिला उगाचच उदास वाटे. एवढे सगळे आपल्याला ओळखतात आणि आपल्याबद्दल एकही खरी गोष्ट कुणाला ठाऊक नाही, असं तिला वाटत राही.

म्हणून तिने स्वतःची गोष्ट लिहायला घेतली. पळसाची रुंद पानं घेतली आणि बाभळीच्या काट्याने एकेक अक्षर टोचून काढलं. पाणवठ्यावरची भांडणं लिहिली, मोराची ऐट लिहिली, आपली भीती लिहिली. सर्वांत शेवटचं पान लिहिलं ते मोहाच्या ढोलीचं. ते लिहिताना तिच्या डोळ्यांतून इतकं पाणी आलं, की पान वाळवावं लागलं. मग शिंपीण पक्षिणीने ती सगळी पानं एकावर एक ठेवून कोळ्याच्या धाग्याने शिवून दिली. शेवटच्या पानाशी तिची चोच थबकली.

"धाकटीला दाखवलंस का हे?" तिने विचारलं.

"ती आता केवढी मोठी झाली आहे, काकू! तिला एव्हाना कळलंच असेल," थोरली म्हणाली.

शिंपिणीने मान हलवली आणि गाठ मारली.

पुस्तक पाणवठ्यावरच्या जांभळीला टांगलं गेलं. वाचता येणारे त्या जंगलात थोडेच. कोल्ह्याला येत असे, निदान तो तसं सांगत असे. म्हणून बाकीच्यांना तो वाचून दाखवी. पण गंमत अशी, की संपूर्ण पुस्तक ऐकायला कुणालाच सवड नव्हती. जो येई तो म्हणे, "मी आहे ते पान काढ." मोराने आपलं पान ऐकलं आणि त्याचा पिसारा रागाने आपोआप उभा राहिला. रानडुकरं म्हणाली, "आम्ही भांडलो हे खरं, पण ते लिहायचं कशाला?" ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं ते चिडले, आणि ज्यांच्याबद्दल एक अक्षरही नव्हतं ते त्याहून चिडले. कोल्हा या दुसऱ्या गटातला. सगळी पानं त्याने दोन-दोनदा उलटून पाहिली, पण कोल्ह्याचं नाव कुठेच नव्हतं.

तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "पोरगी चढून गेली आहे. आपल्याच जंगलाची अब्रू पानावर टांगते! आणि हे शेवटचं पान तर ऐकाच."

त्याने ते ठासून वाचलं. ऐकणाऱ्यांत मागच्या फांदीवर धाकटी बसली होती.

कुणी हळहळलं, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण थोड्याच वेळात एक वात्रट पोपट धाकटीकडे पाहून म्हणाला, "निजलीस का गं, चिमणे?" आणि सगळी फांदी हसली. धाकटीने कुणाकडे पाहिलं नाही. ती उडाली आणि कुठे गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि थोरली? ती त्या वेळी मोराला उत्तर देण्याच्या तयारीत होती. चारी बाजूंनी टीका येत होती. तिच्या खेळाला जायचं नाही, असं सांबरांनी ठरवलं होतं. पाणवठ्यावर ती उतरली की बगळे पाठ फिरवून उभे राहत. रात्रंदिवस राबून मिळवलेलं नाव हातचं जातंय, या धास्तीने बिचारीला दाणा गोड लागेना. खरं सांगायचं, तर तिने लिहिलेल्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि खरं लिहिल्याबद्दल एवढं ऐकून घ्यावं लागणं हा अन्यायच होता. पौर्णिमेच्या आदल्या दुपारी तिने कातळावर उभं राहून एकेकाची हजेरी घेतली. मोराला मोराच्या आवाजात उत्तर दिलं, डुकरांना डुकरांच्या. शेवटी कोल्ह्याच्या आवाजात म्हणाली, "हाय हाय! साऱ्या पुस्तकात मी कुठेच कसा नाही?" जंगल खो खो हसलं. रागावलेलेही हसले. बाजी पलटली होती. कोल्हा शेपूट गुंडाळून झुडपाआड गेला.

थोरली हुरूपाने ढोलीत परतली. "धाकटे, ऐकलंस का? कसं गप्प केलं एकेकाला!" धाकटीची निजायची जागा रिकामी होती. तिथलं मऊ गवतसुद्धा थंड पडलं होतं.

ती धावतपळत शिंपिणीकडे गेली. शिंपीण आपलं घरटं शिवत होती. तिने चोचीतला धागा खाली ठेवला आणि म्हणाली, "जे ओरडले त्यांना सगळ्यांना उत्तर दिलंस गं. जी ओरडली नाही, तिचं काय? ओढ्यापलीकडच्या बाभळीवर आहे ती. चार दिवस झाले. आणि तुझ्या आज लक्षात आलं?"

थोरलीला इतकं खजील कधीच वाटलं नव्हतं. चार दिवस ती ढोलीत आली होती, निजली होती, उठली होती. पण डोक्यात मोर आणि कोल्हाच नाचत होते.

बाभळीच्या काटेरी फांदीवर धाकटी अंग चोरून बसली होती. थोरली शेजारी जाऊन बसली तशी ती थोडी बाजूला सरकली. सूर्य टेकडीमागे चालला होता. नेमकी तीच वेळ. थोरलीच्या गळ्यात आईचा आवाज आपसूक दाटून आला. तो काढला असता तर धाकटी विरघळली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने चोच उघडलीही.

"तो आवाज काढू नकोस," धाकटी म्हणाली.

थोरलीने चोच मिटली. मग ती स्वतःच्या आवाजात बोलू लागली. इतक्यांचे आवाज काढता काढता स्वतःचा आवाज वापरायची सवयच गेली होती. तो घोगरा निघाला आणि मध्येच अडकला. "धाकटे, माझं चुकलं. मला वाटलं, तुला कळलं असेल."

"नव्हतं कळलं गं. माझी आई मला भेटून जायची, एवढंच माझ्याजवळ होतं. तेही गेलं."

"मी तुला फसवायला नव्हते बोलत. तू रडू नयेस म्हणून..."

"ते समजतं मला." धाकटी आता रडत होती. "तू माझ्यासाठी आई झालीस, त्याचा राग कसा येईल? तू तरी केवढीशी होतीस तेव्हा! पण ताई, मला हे कोल्ह्याच्या तोंडून ऐकावं लागलं. सगळ्या जंगलाबरोबर. तुझ्या शेजारी मी रोज निजते. एकदा पंखाखाली घेऊन सांगितलं असतंस, तर मीच म्हटलं असतं, लिही."

थोरलीने मान खाली घातली आणि म्हणाली, "ते पान मी काढून टाकते."

"काढून काय होणार? सगळ्यांनी ऐकलं आहे." आणि जरा वेळाने धाकटी म्हणाली, "तू जा आता. मला इथेच राहू दे."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. कातळाभोवती कधी नव्हे एवढी गर्दी लोटली. सांबरं आली, बगळे आले, मोर तर अगदी पुढे बसला. थोरलीने दोन-चार नकला केल्या, पण आज कुणाचं समाधान होईना. गर्दीतून कोल्हा ओरडला, "आईचा आवाज काढ! त्यावरच तर एवढं पुस्तक लिहिलंस!" लगेच सगळं जंगल एका सुरात ओरडू लागलं, "आईचा आवाज! आईचा आवाज!"

गेलेलं सगळं नाव एका हाकेत परत मिळणार होतं. थोरलीने गर्दीवरून नजर फिरवली. मागची ती फांदी रिकामी होती.

"तो आवाज मी काढणार नाही," ती म्हणाली. "तो मी एकीसाठी काढत होते. ती एकटीच त्याची मालकीण आहे. मी तिला न विचारता तुम्हांला दिला, ती माझी चूक झाली. बाकी पुस्तकातलं एक अक्षरही मी मागे घेणार नाही, मोरदादा, तुमचं पानसुद्धा नाही. पण शेवटचं पान मी आज सकाळी सोडवून घेतलं आहे."

कुजबुज सुरू झाली. "एवढ्या लांबून आलो ते हेच ऐकायला?" सांबरं उठली. बगळे उडाले. कोल्हा म्हणाला, "संपली ही!" आणि ऐटीत निघून गेला. चंद्र पुरता वर येईपर्यंत कातळ रिकामा झाला. शिंपीण तेवढी बसून राहिली होती. तिनेच थोरलीला ढोलीपर्यंत सोबत केली.

पुढच्या पौर्णिमांना गर्दी कमीच असे. थोरली खेळ करी, जे येत त्यांना हसवी आणि घरी येई. रोज सांजेला ती धाकटीच्या जागेवरचं गवत नीट करी, ओढ्याकडे तोंड करून बसे आणि आवाज मात्र कुणाचाच काढत नसे. एका सांजेला पाऊल न वाजवता कुणीतरी ढोलीत शिरलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसलं. थोरलीने वळून पाहिलं. तिचा ऊर भरून आला, पण बोलायची तिला भीतीच वाटत होती.

बाहेर अंधार पडू लागला. धाकटी म्हणाली, "ताई, काहीतरी बोल ना. झोप येत नाही."

"कुणाच्या आवाजात बोलू?" थोरलीने विचारलं.

"तुझ्या," धाकटी म्हणाली, आणि तिच्या पंखाखाली शिरली.

तात्पर्य : आपली गोष्ट सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि खरं सांगणाऱ्याने जगाच्या रागाला भिऊ नये, पण आपल्या गोष्टीत जे आपलं माणूस राहतं, त्याला ती जगाच्या आधी सांगावी.