पालीची दोन अंडी आणि नवा कॉम्प्युटर

सन दोन हजार एकोणीस. पौष महिना. संक्रांतीला चार दिवस राहिले होते. निफाडला थंडी अशी, की पाणी हाताला चावत होतं.

निफाडात गजाकाकांचं घर. घरात टेबल. टेबलावर जुना कॉम्प्युटर. तो दिवसभर घुर्र घुर्र चाले. मागून गरम वारा सोडी. मागे भिंतीला होतं एक भोक. भोकात राहायची एक पाल. तिची दोन अंडी होती. जुन्याच्या उबेवर अंडी वाढत होती.

एक दिवस जुना बंद पडला. भंगारवाल्याने नेला.

काकांनी नवा आणला. नव्याची सिस्टिम वेगळी. अर्धी आत घातली होती. अर्धी नेटवरून यायची होती. नवा गप्प बसला. घुर्र नाही. वारा नाही.

अंडी गारठली.

पाल निघाली. सरसर सरसर. कॉम्प्युटरपाशी आली.

"चुक चुक! कॉम्प्युटरभाऊ, कॉम्प्युटरभाऊ, जरा ताप ना. अंडी गारठली."

कॉम्प्युटर म्हणाला, "तापत नाही जा! माझी सिस्टिम अर्धी. राउटर मला जोडून घेईल, तर मी तापेन."

पाल निघाली. सरसर सरसर. राउटर खिडकीत बसला होता. हिरवा दिवा लुकलुक लुकलुक.

"चुक चुक! राउटरदादा, राउटरदादा, कॉम्प्युटरला जोड ना.
कॉम्प्युटर तापेना,
अंडी गारठली."

राउटर म्हणाला, "जोडत नाही जा! जुना माझ्या ओळखीचा होता. हा कोण? काका पासवर्ड सांगतील, तर मी जोडेन."

पाल निघाली. सरसर सरसर. काका डोकं धरून बसले होते.

"चुक चुक! काका, काका, पासवर्ड सांगा ना.
राउटर जोडेना,
कॉम्प्युटर तापेना,
अंडी गारठली."

काका म्हणाले, "सांगत नाही जा! सांगू कुठून? मी तो गेल्या सालच्या कॅलेंडरवर लिहिला होता. डिसेंबरच्या पानावर." मग ते ओरडले, "अगं, जुनं कॅलेंडर कुठंय?"

स्वयंपाकघरातून काकू म्हणाली, "फडताळात अंथरलं. डब्यांखाली."

"त्यावर माझा पासवर्ड होता!"

"मग वहीत लिहायचा होता."

"कुठल्या डब्याखाली आहे?"

"बारा डबे आहेत. शोधा."

"माझी कंबर धरलीय."

"मग बसा तसेच."

काका पालीला म्हणाले, "ऐकलंस? पान निघेल, तर मी सांगेन."

पाल निघाली. सरसर सरसर. पान फडताळात होतं. तांदळाच्या डब्याखाली चेपलं होतं.

"चुक चुक! पानभाऊ, पानभाऊ, बाहेर निघ ना.
काका सांगेनात,
राउटर जोडेना,
कॉम्प्युटर तापेना,
अंडी गारठली."

पान म्हणालं, "निघत नाही जा! माझ्या उरावर डबा. डबा हलेल, तर मी निघेन."

डबा वरच होता. पाल वर चढली.

"चुक चुक! डबेदादा, डबेदादा, जरा हल ना.
पान निघेना,
काका सांगेनात,
राउटर जोडेना,
कॉम्प्युटर तापेना,
अंडी गारठली."

डबा म्हणाला, "हलत नाही जा! माझ्या पोटात दहा किलो तांदूळ. काकू उचलेल, तर मी हलेन."

पाल निघाली. सरसर सरसर. काकू तीळ निवडत होती.

"चुक चुक! काकू, काकू, डबा उचल ना.
डबा हलेना,
पान निघेना,
काका सांगेनात,
राउटर जोडेना,
कॉम्प्युटर तापेना,
अंडी गारठली."

काकू म्हणाली, "कृष्ण कृष्ण! उचलत नाही जा! कालच फडताळ पुसलं. मुंग्या लागल्याशिवाय मी डबे काढत नाही. मुंग्या लागतील, तर मी उचलेन."

पाल आधी भोकापाशी गेली. अंड्यांना कान लावला. एकात टिक टिक. एकात काहीच नाही.

पाल रडली नाही. रडून ऊब येत नाही.

पाल निघाली. सरसर सरसर. मुंग्या उंबऱ्याखाली होत्या.

"चुक चुक! मुंगीताई, मुंगीताई, डब्याला लागा ना.
काकू उचलेना,
डबा हलेना,
पान निघेना,
काका सांगेनात,
राउटर जोडेना,
कॉम्प्युटर तापेना,
अंडी गारठली."

थोरली मुंगी म्हणाली, "लागत नाही जा! या थंडीत आमचे पाय आखडतात. आणि तू तर आम्हाला खातेस. आज तू आम्हाला खायला दे."

"काय देऊ?"

"शेपूट."

पालीने वळून शेपटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "देईन. पण आधी अंड्यांना ऊब येऊ दे. एक जीव बाहेर येऊ दे."

"शब्द?"

"शब्द."

मुंग्या निघाल्या. तुरुतुरु तुरुतुरु. डब्याला लागल्या.

काकू ओरडली, "अगं बाई! मुंग्या! कालच तर पुसलं होतं!"

काकूने डबा उचलला. हुश्श!
डबा हलला. पान निघालं. काकू ते चुरगाळणार, तेवढ्यात थांबली. "अहो, हे कुणाचं अक्षर? कोंबडी नाचलीय नुसती."

"टाकू नकोस! दे इकडे, दे!"

काकांनी पासवर्ड सांगितला.
राउटरने जोडून घेतलं.
उरलेली सिस्टिम आली. हळूहळू आली. यायला संध्याकाळ झाली.
कॉम्प्युटर तापला. घुर्र घुर्र.
गरम वारा सुटला. भोकात ऊब आली.

संक्रांतीच्या सकाळी एक अंडं फुटलं. पिल्लू बाहेर आलं. नखाएवढं.

दुसरं अंडं फुटलं नाही. त्याला ऊब उशिरा मिळाली.

मुंग्या रांगेने आल्या. भोकाच्या तोंडाशी थांबल्या.

"पालताई, शब्द."

"आहे," पाल म्हणाली.

तिने पिल्लाला आत सरकवलं. पाठ फिरवली. शेपूट झटकली.

टप्!

शेपूट खाली पडली. वळवळ वळवळ. मग थांबली.

मुंग्यांनी ती उचलली, आणि रांगेने घेऊन गेल्या.