अर्ध्या मिशीचा पूल

हा पूल बघा, मंडळी. तीन कमानी, आणि रुंदी जेमतेम एका गाडीची. आमच्या आयर्लंडात याहून देखणे पूल ढिगानं सापडतील. पण तुमच्यात ज्यांना मिशा आहेत, त्यांनी इथे जरा अदबीनं उभं राहावं.

चारशे वर्षांपूर्वी इथला सरदार होता टर्लॉ ओ'डुलिन. वरचा अंमल इंग्रजांचा. त्यांचा कायदाच होता म्हणे, की ज्याच्या ओठावर मिशी तो बंडखोर. टर्लॉची मिशी तर हनुवटीखाली लोंबायची, आणि तिच्यावर त्याचा भारी जीव! एका बाजाराच्या दिवशी इंग्रज कप्तानानं त्याची बारा माणसं मिशीपायी धरली आणि फास तयार केले. "सगळ्यांदेखत पुलावर मिशी उतरव," त्यानं टर्लॉला निरोप धाडला, "बाराही जण सोडतो."

टर्लॉ पेचात पडला. मिशीचं दुःख होतंच. पण याच कप्तानानं आदल्या साली त्याच्या भावाला अभय देऊन बोलावलं आणि फासावर दिलं होतं. त्याच्या शब्दावर विसंबायचं कसं? टर्लॉ पुलावर आला, वस्तऱ्यानं अर्धीच मिशी उतरवली आणि म्हणाला, "अर्धी माणसं सोड. उरलेल्या सहांना सोडलंस की उरलेली मिशी."

सहा जण आले. मग कप्तानाची नियत फिरली. "राहा आता असाच," तो खदाखदा हसला. "काय ध्यान दिसतोयस! बाकीचे उद्या लटकतील."

टर्लॉ जागचा हलला नाही. अपमानानं अंगाची लाही होत होती, तरी त्यानं तोंड झाकलं नाही. तेवढ्यात गावचा म्हातारा लोहार फर्गल पुढे झाला, टर्लॉच्या हातातला वस्तरा घेतला आणि आपली अर्धी मिशी उतरवून शेजारी उभा राहिला. मग दुसरा, मग तिसरा. दुपारपर्यंत अर्ध्या मिशीवाल्यांनी पूल गच्च भरला. कप्तानाच्या किल्ल्यावर जाणारी एकही गाडी पुढे सरकेना. त्याचे शिपाईच आपल्या कप्तानाकडे बघून तोंड लपवून हसू लागले, असं सांगतात. शेवटी चरफडत त्यानं सहाही जण सोडले.

"सरदार, अर्धी तरी वाचली!" फर्गल आनंदानं ओरडला.

"नाही बाबा. मी शब्द दिला होता," टर्लॉ म्हणाला, आणि कप्तानासमोर जाऊन त्यानं उरलेली मिशीही उतरवली. कप्तानाला वर बघवेना.

आजही इथला नवरदेव लग्नाच्या सकाळी अर्धी मिशी उतरवून या पुलावर येतो, नवरीला शब्द देतो आणि मगच उरलेली उतरवतो. पाहुण्यांना हसू फुटतं. नवरी मात्र हसत नाही. ती डोळे भरून बघत राहते.