झुंबरशेठची फुकट थैली

"थैलीत शंभर मोहरा आहेत, म्हणजे थैलीची किंमत शंभर मोहराच! कमी आहे म्हणतेस? मग सिद्ध कर! थैली उघडायची नाही, फासा टाकायचा नाही आणि हिशेब सांगून माझं डोकं उठवायचं नाही. उद्या सकाळपर्यंत जमलं नाही, तर तुझ्या घरचं चाकही झुंबरशेठला!"

हंबीरराव महाराज गरजले आणि दरबाराने माना डोलावल्या. त्या दरबाराला तेवढंच येत होतं.

समोर उभी होती राही, कुंभाराची पोर. तिच्या थोरल्या भावाची, तान्हाजीची, चार गाढवं झुंबरशेठच्या जुगारखान्यात गेली होती. गाढवं नाहीत तर माती कोण वाहणार? ती परत मागायला आली आणि शेठच्या भेटीची थैली शंभर मोहरांच्या मोलाची नाही असं बोलली, तर आता चाकावरच बेतलं.

हा झुंबरशेठ रोज दवंडी पिटायचा, "पहिल्यांदा येणाऱ्याला शंभर मोहरा भेट! फुकट!" एवढ्यावर भाळून महाराजांनी त्याला 'दानशूर' अशी पदवीही देऊन टाकली होती. आणि दिलेली पदवी चुकली असं कुठला राजा कबूल करतो?

भेटीची अट मात्र दवंडीत नसायची. ती आत गेल्यावर, माशीलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितली जायची. भेटीच्या मोहरा चाळीस डावांत लावून फिरवल्याशिवाय दाराबाहेर न्यायच्या नाहीत! आणि दर डावाला अड्ड्याचा वाटा कापला जाणार. तान्हाजीची भेट अर्ध्या वाटेतच आटली. मग भेट बुडू नये म्हणून त्याने पदरचे पैसे लावले, आणि ते संपल्यावर गाढवं!

"चार गाढवं गेली, राही," तो घरी येऊन रडला.

"चारच? मला तर पाच गेलेली दिसतात!" राही फणकारली. दरबारातून परतली त्या रात्री मात्र चाक जाणार म्हणून तिला झोप येईना. कोपऱ्यात भट्टीतून नुकतीच काढलेली मडकी रचलेली होती. ती त्यांच्याकडे बघत बसली, आणि एकदम उठली.

सकाळी ती दरबारात हजर झाली. गाढवं नव्हती, म्हणून मडकी तान्हाजीच्याच डोक्यावर लादली होती. खेपा घालून त्याची मान मोडायला आली. राहीने दरबारभर चाळीस कोरी मडकी ओळीने मांडली आणि महाराजांच्या मुदपाकखान्यातून तांब्याभर पातळ तूप मागवलं.

"शेठजी, हे साजूक तूप तुम्हाला माझ्याकडून भेट! फुकट!"

"अगं, पण तूप माझं आहे!" महाराज म्हणाले.

"आयजीच्या जिवावर बायजी उदार, महाराज! हे मी शेठजींकडूनच शिकले. अट एकच, अगदी बारीकशी. या मडक्यातून त्या मडक्यात, असं सगळ्या मडक्यांतून तूप ओतत जायचं. शेवटच्या मडक्यात असेल ते खुशाल घरी न्यायचं."

फुकटचं तूप म्हटल्यावर झुंबरशेठने बाह्या सारल्या. पहिली काही मडकी झपाट्याने झाली. पण कोरी माती ती, प्रत्येक मडकं आपला घोट घेऊन मगच तूप सोडायचं. धार बारीक झाली, मग थेंब झाले. निम्म्या ओळीच्या पुढे दानशूर शेठ मडक्यात बोट घालून खरवडत बसले!

"थांबलात का शेठजी?" राही गोड आवाजात म्हणाली. "हातची भेट सोडू नका! घरचं तूप आणा आणि ओता वरून, म्हणजे पुढे सरकेल."

"मला काय खुळा समजलीस?" शेठ उसळला. "घरचं तूप आणून तुझ्या मडक्यांना पाजू? सगळी मडकीच पिऊन टाकतील ते!"

"ऐकलंत महाराज?" राही वळली. "माझ्या खुळ्या दादाने हेच केलं! थैली मी उघडली नाही, फासा टाकला नाही, हिशेबही सांगितला नाही. भेटीची किंमत दानशूरांनी स्वतःच सांगितली!"

महाराज उठले. त्यांनी शेवटचं मडकं उचलून तळहातावर उपडं केलं. हात कोरडाच!

"मग माझं तूप गेलं कुठे?"

"जाईल कुठे? माझ्याच मडक्यांत आहे. मडकी मी घरी नेणार! भेटही दिली आणि भेट घरातच राहिली. यालाच आपण काल दानशूर म्हणत होता."

मग महाराज असे हसले, की पगडी कानावर आली. दरबारही हसला. कालच्या माना आज उलट्या बाजूला डोलत होत्या! झुंबरशेठची पदवी गेली, गाढवं परत आली, आणि ती शंभर मोहरांची थैली महाराजांनी राहीपुढे धरली.

राहीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आधी अट सांगा, महाराज, मग थैली पुढे करा!"

"अट नाही, पोरी!" हसता हसता महाराजांच्या डोळ्यांना पाणी आलं. "सरळ घरी घेऊन जा!"

तेव्हा कुठे तिने हात पुढे केला. थैली गाढवाच्या पाठीवर बांधली, तान्हाजीच्या हाती मात्र दिली नाही.